पोट आत घेऊन दिलेलं माप

माझं पोट मोजमापावर भरतं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी गेली सोळा वर्षं क्वालिटीला आहे. शाफ्ट, बुश, पिना असला माल आमच्याकडे होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तो माझ्या टेबलावरून जातो. मायक्रोमीटरच्या जबड्यात पिन धरायची, रॅचेट तीनदा कटकट वाजू द्यायचं, आकडा लिहायचा. दहा मायक्रॉन जास्त भरली की लाल पेटीत. सप्लायर कितीही ओळखीचा असो, "साहेब, एवढं चालतंय की" म्हणो, मी ऐकत नाही. त्यासाठी कंपनीत मला दोन-तीन टोपणनावं आहेत. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

अशा माणसाने स्वतःसाठी एक वस्तू घेताना दोनदा चुकीचं माप दिलं. तीही अशी वस्तू, की जिच्यात माप चुकलं तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

ती वस्तू म्हणजे मोटरसायकलच्या ट्रॅकवर घालायचा चामड्याचा वन-पीस सूट. टीव्हीवर मोटोजीपी बघणाऱ्यांना तो माहीत असेल. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, पुढे एकच लांब चेन, पाठीवर कुबड, गुडघ्यांवर वेल्क्रोने चिकटवलेल्या प्लास्टिकच्या टिकल्या. वळणावर गुडघा जमिनीला लागतो तेव्हा या टिकल्या घासतात. माझे आजवर असे तीन सूट झाले. पहिल्या दोनांत मिळून लाखाच्या वर रुपये आणि एक कोपर गेलं. पैशांचा हिशेब बायको ठेवते. कोपराचा मी ठेवतो.

हा नाद मला उशिरा लागला. अडतिसाव्या वर्षी केटीएमची आरसी ३९० घेतली. आपल्या चाकणलाच बनते, त्यामुळे घरचीच वाटायची. रविवारी पहाटे ताम्हिणीत जायचो. एका वळणावर समोरून एसटी आली, मी माझ्या बाजूला होतो तरी कसाबसा वाचलो, आणि त्या दिवशी ठरवलं की हौस भागवायची तर बंद ट्रॅकवर. त्यासाठी आपल्याकडचे जाणते लोक दक्षिणेत जातात. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा पावणेचार किलोमीटरचा जुना ट्रॅक आहे. मी कोइम्बतूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला नाव घातलं.

तिथे सूट भाड्याने मिळतो. माझ्या आधी तो किती जणांनी घातला असेल ते वासावरून कळत होतं. आदल्या दिवशीच्या घामाने अस्तर अजून ओलं होतं. गाडी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने माझ्या दोन्ही कोपरांवरचं आर्मर, म्हणजे आत बसवलेलं कवच, चिमटीत धरून फिरवून पाहिलं. ते हलत होतं. त्याने मान हलवली आणि एवढंच म्हणाला, "स्वतःचा घ्याल तेव्हा घट्ट घ्या." मी हो म्हटलं. त्याने कोपराला हात लावून काय तपासलं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. ते मला कळलं असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता.

परत आल्यावर पहिला विचार आला तो धारावीचा. चामड्याच्या जॅकेटांसाठी मुंबईचे लोक तिथेच जातात. आपल्याला हवा तसा सूट तिथे शिवून घेऊ, असं मनात होतं. जाताना खिशात मायक्रोमीटर नेला. एका गल्लीत माळ्यावर दोन मशीन टाकून बसलेल्या कारागिराने जॅकेटाचं चामडं पुढे टाकलं. हाताला लोण्यासारखं. मी त्याच्यापुढेच मोजलं. जाडी भरली ०.७ मिलिमीटर. शर्यतीच्या सूटसाठी गाईचं चामडं साधारण १.२ ते १.४ मिलिमीटरचं वापरतात, हे मी वाचलेलं होतं. कांगारूचं असेल तर मिलिमीटरच्या आसपासही चालतं, कारण त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर, एका वळणाचे असतात आणि पातळ असूनही ते सहजी फाटत नाही. पण हे पडलं मेंढीचं.

कारागिराने माझ्या हातातलं यंत्र बघितलं आणि हसला. "हे मिरवायचं आहे दादा, पडायचं नाही," तो म्हणाला. मग त्याने मला समजावलं की जाड चामड्याला त्याची सुई आणि त्याचा दोरा दोन्ही पुरे पडणार नाहीत. रस्त्यावर घासताना चामड्याआधी शिवण सुटते. एकदा शिवण उघडली की चामडं कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. म्हणून जिथे मार बसतो तिथे टीप दुहेरी हवी आणि त्यातली एक आत लपलेली, म्हणजे बाहेरची घासून गेली तरी आतली धरून ठेवेल. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं यायचं थांबलं, तेव्हापासून जाड माल हाताळायची सवयही मोडल्याचं तो म्हणाला. एवढं सगळं सांगून त्याने एक पैसा घेतला नाही. उठताना गळ्यातली टेप काढून म्हणाला, "आलाच आहात तर माप देऊन जा. कुठेही शिवलंत तरी उपयोगी पडेल."

मी म्हटलं, "नको, सध्या फक्त माल बघतोय."

चामडं मोजायला मी पुण्याहून मायक्रोमीटर नेला होता. मला मोजायला समोरचा माणूस फुकट तयार होता, तर मला घाई झाली होती.

पहिला सूट पुण्यातल्याच एका मोठ्या दुकानातून घेतला. तिथे माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. आतलं लेबल वाचलं. ईएन १७०९२ हे युरोपातलं मानक, त्यात सर्वांत वरचा वर्ग एएए. खांदे, कोपर, गुडघे यांच्या आर्मरवर ईएन १६२१ चा शिक्का, दुसरी पातळी. ही पातळी कशी ठरते तेही मला ठाऊक होतं. आर्मर ऐरणीवर ठेवतात, त्यावर ५० ज्यूलचा आघात करतात, म्हणजे साधारण पाच किलोचं वजन एक मीटरवरून पाडल्यासारखा, आणि खाली किती बल पोचतं ते मोजतात. पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, दुसरीला २० च्या आत यावं लागतं. मी शिवणी मोजल्या, दुहेरी होत्या. चामडं मोजलं, १.३ भरलं. दुकानातला पोरगा माझ्याकडे आदराने बघायला लागला होता.

मग त्याने माझं माप विचारलं. मी बेधडक सांगितलं, "छाती शंभर." युरोपी मापात सूटचा नंबर म्हणजे सेंटिमीटरमधल्या छातीचा निम्मा आकडा. त्या हिशेबाने मला ५० नंबर बसायला हवा होता. तो मांड्यांच्या वर जाईना. ५२ आला. तो गेला, पण उभं राहिल्यावर खांदे खाली ओढले गेले, गुडघे सरळ होईनात, चेन लावल्यावर मी नमस्काराच्या तयारीत असल्यासारखा दिसू लागलो. आरशात बघून मलाच हसू आलं. ५४ मागवला. तो अंगावर असा उतरला जसा रेनकोट. हात वर केले, खाली घेतले, चार पावलं चाललो. कुठे काही लागत नाही. छाती भरलेली दिसत होती आणि पोट दिसत नव्हतं.

त्या पोराने त्याचं काम केलं होतं. कोपऱ्यात एक मोटरसायकल स्टँडवर उभी होती. तो दोनदा म्हणाला, "सर, बसून बघा ना. टाकीवर वाकून." दुकानात गर्दी होती. दोन कॉलेजची मुलं मोबाइल काढून उभी होती. चाळिशीच्या माणसाने सगळ्यांदेखत टाकीवर पालथं पडायचं, हे मला जमेना. मी आरशापुढेच फोटो काढून घेतला, बायकोला पाठवला, आणि बासष्ट हजारांचं बिल केलं. तिचं उत्तर आलं, "छान. केवढ्याला?" दुसऱ्या शब्दाचं उत्तर मी रात्री दिलं.

शर्यतीचा सूट उभं राहण्यासाठी शिवलेलाच नसतो. त्याच्या बाह्या पुढे वळवून, गुडघे वाकवून, पाठ लांब ठेवून तो कापतात, कारण गाडीवर माणूस त्याच आकारात असतो. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या मागे चामड्याच्या चुण्या असतात, त्या वाकल्यावर उघडतात. म्हणून चांगला बसणारा सूट उभ्या माणसाला कुबडा करतो, आणि उभ्या माणसाला जो सुखाचा वाटतो तो गाडीवर गोळा होतो. ५२ मध्ये मी कुबडा दिसलो, तीच त्याची पावती होती. मी ती वाचली नाही.

पैसे संपल्यामुळे हातमोजे स्वस्तातले घेतले. मनगटाच्या हाडापाशी संपणारे, आखूड.

चार महिन्यांनी पुन्हा कोइम्बतूर. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरचं पहिलंच सत्र. उजवं वळण होतं, वेग सत्तर-ऐंशीच्या आसपास असेल. मी ब्रेक जरा उशिरापर्यंत धरून ठेवला आणि पुढचं चाक आतल्या आत दुमडलं. यात फेकलं जाणं नसतं. गाडी बाजूला झोपते आणि आपण तिच्या मागोमाग घसरत जातो. आवाज मला नीट आठवतो, मोठं पोतं फरशीवरून ओढल्यासारखा. घसरताना वाटलं, हे काही वाईट नाही, सूट आपलं काम करतोय. आणि खरोखरच करत होता. नंतर पाहिलं तर नितंबावर आणि मांडीवर चामडं पांढरं पडलं होतं, पण एकही शिवण उसवली नव्हती.

उजव्या हाताचं मात्र वेगळंच झालं. बाही सैल होती. डांबराला लागताच ती पिळली गेली आणि कोपरावरचं आर्मर फिरून हाताच्या आतल्या बाजूला, शीर टोचायच्या जागी आलं. ज्या कवचाला त्या प्रयोगशाळेत ऐरणीवर अगदी हातोड्याखाली ठेवून तपासलं होतं, ते ऐन वेळी हातोड्याखाली नव्हतंच. हाड आणि डांबर यांच्यामध्ये उरलं नुसतं १.३ मिलिमीटर चामडं. वर बाही मागे सरकली, आखूड हातमोजा पुढे राहिला, आणि मधल्या दोन बोटांच्या पट्टीत मनगटाची सालटी निघाली. कोपराच्या हाडाला तडा. आतल्या बाजूला आर्मरची कड घासून निघालेलं कातडं वेगळंच.

प्रशिक्षक आला, माझ्या दुसऱ्या, धड असलेल्या कोपरावर चिमटी लावली आणि आर्मर फिरवलं. ते सहज फिरलं. तो काही बोलला नाही. भाड्याच्या सूटच्या वेळी त्याने काय तपासलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

पुण्याला आल्यावर आईला सांगितलं, कंपनीच्या जिन्यावरून घसरलो. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी गॅलरीत सूट वाळत होता, तर ती त्याच्यापाशी उभी. उजव्या बाहीच्या पांढऱ्या पडलेल्या चामड्यावरून तिने बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिना डांबराचा केला वाटतं तुमच्या कंपनीने." मी चाळीस वर्षांचा, हात गळ्यात अडकवलेला, दाराच्या चौकटीत उभा होतो.

कारखान्यात एखादा माल परत आला की आम्ही सप्लायरकडून मूळ कारण लिहून मागतो. "का?" असं पाच वेळा विचारायचं, म्हणजे उत्तर खोलात जातं. माझ्या कोपराबद्दल मी एकदाच विचारलं. का? सूट सैल होता. मग घट्ट घेऊ. झालं, मूळ कारण सापडलं. असा अहवाल एखाद्या सप्लायरने मला पाठवला असता तर मी त्याच्या तोंडावर परत केला असता.

दुसरा सूट परदेशातून मागवला, सेलमध्ये. त्यांचा तक्ता होता, त्यात छाती, कंबर, सीट, उंची, पायाची आतली लांबी असे रकाने. रात्री साडेअकराला बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी बेडरूमच्या आरशापुढे उभा राहिलो. टेप पोटाभोवती आली तसं पोट आपोआप आत गेलं. आकडा तरी पटेना. मग पॅंटचं लेबल बघितलं. चौतीस. कंबर चौतीस इंच, लिहून टाकलं. तयार पॅंटच्या कमरेत लेबलापेक्षा दोन-तीन इंच जास्त असणं ही कपडेवाल्यांची जुनी युक्ती आहे, गिऱ्हाईक खूश राहतं. हे मला माहीत होतं. दुसऱ्याने चिकटवलेल्या लेबलावर माल पास करायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

वर आणखी एक गोष्ट केली. सूट यायला दीड महिना लागणार होता. तेवढ्यात पाच किलो वजन उतरवायचं, असं मी ठरवलं आणि त्या उतरलेल्या वजनाचा नंबर मागवला. प्रत्यक्षाच्या रकान्यात उद्दिष्ट लिहिणं याला आमच्याकडे खोटा रिपोर्ट म्हणतात आणि त्यावर नोकरी जाते.

पार्सल आलं, कस्टम्सची ड्युटी भरली, सूट बाहेर काढला. वजन उतरलं नव्हतं, उलट दिवाळी होऊन गेली होती. अंगाला टाल्कम पावडर फासून मी आत शिरायला लागलो. पाय गेले. डावा हात गेला. उजवा हात मुंढ्यात अर्धा गेला आणि अडकला, पुढेही नाही, मागेही नाही. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद पडलेला. घाम फुटला तसं चामडं अंगाला चिकटलं. बायकोने कॉलर धरून ओढलं, मुलाने बाही धरली. मुलगा हसत होता, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शेवटी कसाबसा पूर्ण आत गेलो, चेन लागली, आणि मी म्हणालो, "बसला!" खरं तर मी बसलो असतो तर शिवण गेली असती.

पुढे इरुंगट्टुकोट्टईला कळलं की छाती-कमरेचा घोळ हा लहान होता. मोठा घोळ धडाचा होता. माझी उंची पाच फूट सात इंच, पण पाय आखूड आणि धड लांब. टू-पीस सूट असता तर कमरेपाशी ही चूक लपली असती. वन-पीसमध्ये मानेपासून मांड्यांच्या मधून परत गळ्यापर्यंत सगळं एका पट्ट्यात असतं. तो पट्टा अपुरा पडला की खाली जिथे ओढायला नको तिथे ओढतो आणि वर कॉलर मान दाबते. टाकीवर वाकलो की मान वर होईना. पुढचं वळण बघायला डोळे कपाळात न्यावे लागत होते. तिसऱ्या फेरीत उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. ब्रेकवर बोटं आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागली. चौथ्या फेरीत छातीपाशी चेन सुटली, मार्शलने झेंडा दाखवून आत बोलावलं. २०२१ साली बार्सिलोनाजवळच्या शर्यतीत फाबियो क्वार्तारारोची चेन अशीच भर शर्यतीत उघडली होती. छातीचं कवच काढून त्याने ट्रॅकवर टाकलं आणि चेन उघडी ठेवून शर्यत पुरी केली. त्याला तीन सेकंदांची शिक्षा झाली. त्याचा नंबर गेला, माझी नुसती अब्रू गेली.

तिथेच आणखी एक शहाणपण मिळालं. सूटच्या आत एअरबॅगचं जाकीट घालायचं माझ्या मनात होतं. मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे, मग आपणही घ्यावी म्हटलं. एका अनुभवी चालकाने विचारलं, "फुगायला जागा कुठाय?" एअरबॅगसाठी सूट तसा शिवावा लागतो, छाती-खांद्याला ताणणारे पट्टे ठेवून. नाहीतर फुगलेली पिशवी बाहेर जायच्या ऐवजी बरगड्यांवर येते. मी अंगठा शिरणार नाही अशा सूटमध्ये ती घालायला निघालो होतो.

तो सूट मी निम्म्या किमतीला बावीस वर्षांच्या एका पोराला विकला. त्याने अंगावर चढवला, आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ माझ्या गाडीवर जाऊन वाकला. मग म्हणाला, "परफेक्ट आहे काका." काका हा शब्द मला त्या दिवशी लागला.

आमच्या सोसायटीच्या खाली एका मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. पासष्टीचे असतील. पूर्वी लग्नाचे सूट शिवायचे, आता बहुतेक पॅंटची लांबी कमी करून देतात. मी पॅंट घेऊन गेलो, तेव्हा ते हात बघून म्हणाले, "अजून दुखतं का?" मी सगळं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. त्यांनी एकच विचारलं, "माप कोणी घेतलं होतं?"

"मीच."

"स्वतःचं?" ते चष्म्यावरून बघत राहिले. "स्वतःचं माप कोणाला येतं?"

पाचवा 'का' तो होता. सैल सूटही मीच मापला होता, घट्टही मीच. पहिल्या वेळी आरशात दिसणाऱ्या माणसासाठी घेतला, दुसऱ्या वेळी दीड महिन्यांनी होणाऱ्या माणसासाठी. मी जसा आहे तशा माणसासाठी एकही नाही.

तिसऱ्या वेळी मापाबरहुकूम शिवून देणारा एक कारखाना शोधला. त्यांचा कागद आला. त्यात तीसच्या वर मापं होती. दंड सैल, दंड आवळून, मनगट, मांडी, पोटरी, मानेच्या हाडापासून खाली मांड्यांच्या मधून पुढे गळ्याच्या खळग्यापर्यंत. कागद मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "शिकलेल्या माणसाने केलाय." दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग टेप हातात घेऊन माझ्या मुलाच्या दहावीची चौकशी सुरू केली. कोणता क्लास, गणित कसं आहे, पुढे काय करणार. मी सांगत होतो. बोलता बोलता टेप कमरेला कधी लागली आणि कधी निघाली मला कळलंच नाही. साडेअडतीस. छाती बेचाळीस.

"साडेअडतीस?" मी म्हटलं.

"गिऱ्हाईक टेप बघून श्वास आत घेतं," ते वहीत लिहीत म्हणाले. "म्हणून बोलतं ठेवायचं."

मी कारखान्याच्या सूचनेप्रमाणे वाकून माप हवं म्हटलं. त्यांनी इस्त्रीचं टेबल पुढे ओढलं, त्याच्यामागे स्टूल ठेवलं. मी स्टुलावर बसून टेबलावर छाती टेकवली, हात हँडलला धरल्यासारखे पुढे केले. शटरखालून जाणारी पावलं दिसत होती. मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत त्यांनी टेप धरली. उभा असताना आणि वाकल्यावर, साडेतीन इंचांचा फरक. मास्तर जरा थांबले. पुन्हा धरली. तेवढाच. "पाठ लांबते," ते स्वतःशीच म्हणाले. पन्नास वर्षं उभ्या माणसाची मापं घेतलेल्या त्या माणसाला ते नवीन होतं, आणि मला त्याहून नवीन.

तेव्हा त्यांना मी जेफ ड्यूकची गोष्ट सांगितली. इंग्लंडचा सहा वेळचा जगज्जेता. १९५० च्या सुमारास सगळे ढगळ जॅकेट-पॅंट घालून शर्यत करायचे, वाऱ्याने कपडे फुगायचे. ड्यूक आपल्या गावच्या शिंप्याकडे गेला आणि अंगाबरोबर बसणारा चामड्याचा एकसंध सूट शिवून घेतला. आज इटलीतल्या मोठमोठ्या कंपन्या जे करतात, त्याची सुरुवात एका गावच्या शिंप्याकडून झाली. मास्तरांनी मान डोलावली, जणू यात नवल ते काय. मग विचारलं, "माया किती सोडायची?"

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस सुटला की तेवढी शिवण उसवायची आणि कपडा मोठा करायचा. मी सांगितलं, चामड्यात ती सोय नाही. सुई एकदा गेली की भोक कायमचं राहतं. उसवून पुढे सरकवलं तर जुन्या भोकांच्या ओळीवर चामडं कागदासारखं फाटतं.

"मग खरंच माप द्यावं लागेल," मास्तर म्हणाले.

सूट आला. उभा राहिलो की खांदे पुढे येतात, गुडघे वाकतात, मी कुस्तीला उतरलेल्या पैलवानासारखा दिसतो. गाडीवर वाकलो की सगळं सुटतं, मान वर होते, बोटं मोकळी राहतात. आत लायक्राचा पातळ पोशाख घालतो, त्यामुळे पावडर लागत नाही. घातल्यावर पहिलं काम म्हणजे दोन्ही कोपरं आणि गुडघे चिमटीत धरून आर्मर फिरवून बघायचं. फिरत नाही. हातमोजे लांब कफचे, बाहीवर चढणारे. पहिल्यांदा काटकसर केली होती ती इथे भरून काढली.

सगळ्या चुका संपल्या असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात मी सूट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून कपाटात बंद केला आणि गणपतीत उघडला तर खांद्यांवर पांढरी बुरशी. पुण्याच्या जुलैत चामड्याला हवा लागते एवढं कळायला हवं होतं. ओल्या फडक्याने पुसला, सावलीत रुंद हँगरवर टांगला, वर चामड्याचं कंडिशनर चोळलं. उन्हात टाकणार होतो, आईने अडवलं. "चप्पल उन्हात टाकतोस का कधी?" आम्ही कोल्हापूरकडचे. चामड्याचं एवढं ज्ञान घरात होतं, विचारलं नव्हतं.

ट्रॅकवर मला दरवर्षी एखाद-दुसरा नवा माणूस भेटतो, सैल सूट घातलेला, खूश असलेला. मी त्याच्या कोपराला चिमटी लावून दाखवतो. काही जण ऐकतात. काही जण मान हलवतात, जशी मी हलवली होती.

आता दर जानेवारीत, हंगामाच्या पहिल्या फेरीआधी, मी मास्तरांकडे जातो. चामडं वापराने थोडं सैल पडतं, माणूसही पडतो, आणि दोन्ही एकाच बाजूला पडतील याचा भरवसा नाही. त्यांच्या वहीत माझं पान आहे, तारखेसह. गेल्या जानेवारीत त्यांनी मुलाच्या बारावीची चौकशी सुरू केली. मी म्हटलं, "मास्तर, राहू द्या. घ्या माप." टेप कमरेभोवती आली. मी हात बाजूला सोडून उभा राहिलो, पोट आहे तिथे राहू दिलं. एकोणचाळीस. त्यांनी वर बघितलं नाही, मीही काही म्हणालो नाही. त्यांनी आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि वही मिटली.